एका बाटलीचा ठपका

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून जाणाऱ्या मुंबईकराला 'हाफकिन' हे नाव नवे नाही. सर्पदंशावरील औषध म्हटले की हाफकिन, पोलिओचे थेंब म्हटले की हाफकिन. मात्र हे नाव एका माणसाचे आहे, तो माणूस या शहरात प्लेगच्या दिवसांत राहिला, येथेच त्याने लस तयार केली आणि पुढे त्याच लशीपायी त्याला देश सोडावा लागला, हे सांगितले की अनेकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. लस सुरक्षित आहे काय, ती सक्तीने द्यावी काय आणि लशीमुळे कोणी दगावल्यास जबाबदार कोणाला धरावे, हे प्रश्न करोनाच्या काळात घराघरांत चर्चिले गेले. हे तिन्ही प्रश्न वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यात एकामागून एक उभे राहिले होते आणि तिसऱ्याने त्यांची कारकीर्द गिळली.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या युक्रेनमधील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. झारच्या राजवटीविरुद्धच्या विद्यार्थी चळवळीत ते होते आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले तेव्हा संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांतही ते होते. त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला. विद्यापीठात बढती हवी असेल तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागेल, अशी तेव्हाची रीत होती. हाफकिन यांनी ते नाकारले आणि प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील साध्या नोकरीवर समाधान मानले. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला आणि वर्षभराने पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे जागा होती ती ग्रंथपालाच्या साहाय्यकाची. दिवसा पुस्तके लावायची, उरल्या वेळात जंतूंचा अभ्यास करायचा आणि विरंगुळा म्हणून व्हायोलिन वाजवायचे, असा त्यांचा क्रम होता.

१८९२ मध्ये त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस तयार केली आणि १८ जुलै रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. युरोपातील जाणकारांनी या लशीकडे फारशा उत्साहाने पाहिले नाही. रशियाने तर तिला दारातही उभे केले नाही. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. पटकीचे घर असलेल्या बंगालात जाऊन लस अजमावून पाहावी, ही सूचना त्यांची. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात दाखल झाले.

पुढील दोन वर्षांत बंगाल, आग्रा, वायव्य प्रांत आणि आसामच्या चहामळ्यांत त्यांनी बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. त्यांनी यात एक दंडक घालून घेतला होता. टोचून घेणारा स्वखुशीने पुढे आला पाहिजे. एका गावात लोकांनी दगड मारले तेव्हा हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांसमोर स्वतःलाच लस टोचून घेतल्याची हकिकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. या काळात मलेरियाने ते इतके खंगले की त्यांना युरोपला परतावे लागले. ते १८९६ मध्ये पुन्हा आले आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

तुपाचे थेंब आणि भायखळ्याचे कैदी

मांडवी भागात २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ७ ऑक्टोबरला हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि तिच्यासमोरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, ते उष्णतेने मारायचे आणि मृत जंतूंची लस करायची, अशी त्यांची पद्धत होती. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या खालून जंतू गुहेतल्या झुंबरांसारखे लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. गोमांस किंवा डुकराचे मांस लशीत असल्याची शंका येऊन हिंदू आणि मुसलमान दोघेही बिथरू नयेत, म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. लशीवरच्या विश्वासाचा विचार प्रयोगशाळेतच सुरू करावा लागतो, हे या परदेशी माणसाला तेव्हाही उमगले होते. काही सरकारी अधिकाऱ्यांच्या मात्र ते गावीही नव्हते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला लस टोचून घेतली, तीही पुढे इतरांना दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप चढला, टोचलेली जागा ठणकू लागली, पण ते कामावर येत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली आणि त्याहून थोड्या अधिक कैद्यांनी घेतली नाही. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघांनाच लागण झाली आणि दोघेही वाचले. कैद्याच्या स्वेच्छेला कितपत स्वेच्छा म्हणावे, हा प्रश्न आजचा वाचक विचारेल आणि तो रास्त आहे. त्या काळी तो कोणी विचारला नाही.

यानंतर मोठी चाचणी दमणमध्ये झाली. १८९७ मध्ये पोर्तुगीज अमलाखालील धाकट्या दमणमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिले. लस न घेतलेल्या सहा हजारांत मात्र ते चोवीस टक्क्यांच्या आसपास गेले. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात १८९८ मध्ये हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली, म्हणजे घर एक, अन्न एक, हवा एक, फरक फक्त टोचण्याचा. ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, तेथे लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ मरण पावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तीनच. आजच्या काटेकोर निकषांवर या चाचण्या पुऱ्या उतरणार नाहीत. लशीने येणारा ताप कडक असे आणि तिचे संरक्षण काही महिन्यांपुरतेच टिके, हेही खरे. पण दुसरे काहीच हाती नसताना हे आकडे लहान नव्हते.

सक्ती कशाची होती?

त्या दिवसांत सरकार आणि जनता यांच्यात जे घडत होते, ते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेग कमिशनर वॉल्टर रँड यांच्या हुकमाने गोरे सोजीर घरांत शिरले, सामान रस्त्यावर आले, स्त्रियांच्या तपासण्या झाल्या. त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता. इस्पितळात नेलेल्या माणसाच्या शरीरातून तेल काढून त्याची मोमियाई करतात, अशी वदंता होती. मार्च १८९८ मध्ये प्लेगच्या तपासणीवरून मुंबईत दंगलच पेटली.

हाफकिन यांच्या लशीची मात्र सक्ती नव्हती. मुंबई शहरात देवीची लस १८७७ पासून कायद्याने सक्तीची होती. प्लेगच्या लशीच्या बाबतीत सरकारने हा मार्ग टाळला. जे घर झडतीसाठी सोजिरांकरवी उघडवले जाते, त्याच घरात शिरून सुई टोचली तर काय होईल, याची कल्पना पुण्याने दिली होती. योगायोग असा की १८९८ मध्येच ब्रिटिश संसदेने इंग्लंडमधील पालकांना सदसद्विवेकाच्या कारणावरून आपल्या मुलांना देवी न टोचण्याची मुभा देणारा कायदा केला. चार-पाच दशके सक्ती राबवून आणि तितकीच वर्षे लीग, मोर्चे, दंड व तुरुंगवास पाहून मायदेशी जे शहाणपण आले, ते वसाहतीत भीतीपोटी आले, असे म्हणावे लागते.

तरीही मधली एक वाट काढली गेली. लस घेतल्याचा दाखला ज्याच्याकडे असेल, त्याला विलगीकरणाच्या छावणीतून आणि प्रवासातील अडवणुकीतून सवलत मिळू लागली. त्या छावण्यांची धास्ती इतकी होती की दाखल्यासाठी लोक लस घेऊ लागले. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या हुबळीत १८९८ मध्ये गावातील बहुसंख्य लोकांनी लस घेतली, त्यामागे प्लेगच्या भयाबरोबर या सवलतीचाही वाटा होता. याला ऐच्छिक म्हणायचे की आडवळणाची सक्ती? लोकलच्या पासासाठी दोन डोसांचे प्रमाणपत्र दाखवणाऱ्या २०२१ मधील मुंबईकराला हा पेच ओळखीचा वाटेल.

दाखल्यापेक्षा अधिक परिणाम झाला तो ओळखीच्या माणसाचा. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान तिसरे तेव्हा जेमतेम विशीत होते. त्यांनी अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. आपल्या मालकीचा खुश्रू लॉज हा बंगला त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला वापरायला दिला. मुंबईतील हजारो खोजांनी लस घेतली. सोजीर जे करू शकले नाहीत, ते विशीतल्या एका धर्मगुरूने केले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हीच वास्तू आजच्या संस्थेची. पूर्वी तेथे गव्हर्नर राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच घरात पटकीने वारल्या आणि गव्हर्नरांनी परळ सोडले. पटकीची लस शोधणारा माणूस त्याच घरात संचालक म्हणून येऊन बसला.

मलकोवाल

१९०२ मध्ये प्लेगने पंजाबात थैमान घातले आणि तेथील सरकारने लाखो लोकांना लस देण्याचे ठरवले. परळवर मागणीचा भार पडला. काम वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी पद्धतीत बदल केले. रश्श्याऐवजी अगारवर जंतू वाढवणे सुरू झाले आणि जंतुनाशक म्हणून घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मलकोवाल हे खेडे गुजरात नावाच्या जिल्ह्यात होते. आपल्या शेजारचे गुजरात राज्य ते नव्हे. त्या दिवशी तेथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडा उलटतो न उलटतो तोच त्यांतील काहींचे जबडे आखडू लागले. तो धनुर्वात होता. एकूण १९ जण दगावले. या एकोणीसही जणांना ५३-एन असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. इतर बाटल्यांतून टोचून घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

त्या एकोणीस घरांचा विचार केला की पुढच्या साऱ्या वादाला एक वेगळेच वजन येते. ही माणसे आजारी नव्हती. सरकारच्या सांगण्यावरून, बरे राहण्यासाठी, त्यांनी हात पुढे केला होता. पंजाबात आधीच नाना अफवा होत्या. टोचायची सुई हातभर लांब असते, टोचलेला माणूस सहा महिन्यांत मरतो, पुरुष नामर्द आणि बायका वांझ होतात, असे लोक बोलत. मलकोवालनंतर या अफवांना उत्तर देणे अधिकाऱ्यांना जड गेले, कारण या खेपेला माणसे खरोखरच मेली होती. पंजाबची मोहीम कोलमडली.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्ये भरतानाच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा त्याचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक ठरवण्यात आली. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

या निष्कर्षात काही दुवे जुळत नव्हते. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढत राहिले असते, तर बूच काढताच दुर्गंधी सुटायला हवी होती. तशी ती आल्याची नोंद नव्हती. दुसरीकडे, त्या दिवशी गावात बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. आगीवर धरून किंवा उकळून तो शुद्ध करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता विसळून पुन्हा वापरला गेला, असे खुद्द साक्षीतच आले होते. गुराढोरांच्या वावराच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा पुन्हा तपासला, तेव्हा दूषितीकरण गावात बाटली उघडताना झाले असावे, याकडेच कल दिसला.

पण हे सारे लोकांसमोर यायला वर्षे लागली. चौकशीची कागदपत्रे सरकारदरबारी पडून राहिली. प्रयोगशाळेची चूक की गावातील कर्मचाऱ्याची, हे शास्त्रीय प्रश्न होते आणि ते खुल्या चर्चेत सुटू शकले असते. सरकारने एक माणूस बाजूला केला आणि विषय मिटवला. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते, मलकोवालने लशीचे जे नुकसान केले, त्यात या मौनाने भर घातली. बाटली खराब होती हे लोकांना समजले, पण ती का खराब झाली आणि पुढे काय काळजी घेतली जाईल, हे कोणी सांगितले नाही.

हाफकिन ज्यू होते, म्हणून काही इतिहासकारांनी या प्रकरणाला 'छोटे ड्रेफस प्रकरण' असे नाव दिले आहे. फ्रान्सचे कॅप्टन ड्रेफस १९०६ मध्ये निर्दोष ठरले, त्याचा संदर्भ यामागे आहे. मात्र धर्मापेक्षाही दुसरी एक गोष्ट अधिक बोचत असावी. हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसचेही नव्हते. असा उपरा माणूस प्रयोगशाळेचा प्रमुख होतो, हे त्या गणवेशधारी मंडळींना रुचणे कठीणच होते. अर्थात लशीवरील सगळे आक्षेप आकसापोटी नव्हते. १८९८-९९ च्या प्लेग आयोगाने लशीचा उपयोग मान्य करतानाच मात्रेच्या प्रमाणीकरणावर बोट ठेवले होते आणि ते अनाठायी नव्हते.

हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले ते मलेरियाचे संशोधक सर रोनाल्ड रॉस. भारतातच केलेल्या कामासाठी १९०२ चे नोबेल मिळालेला हा माणूस इंडियन मेडिकल सर्व्हिसचाच माजी अधिकारी होता. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रॉस आणि आणखी काही नामवंत वैज्ञानिकांच्या सह्यांचे पत्र छापून आले. हाफकिन यांच्यावरील आरोप पुराव्याने सिद्ध होत नाही, असे त्यात मांडले होते. ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले. १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा भारतात कामावर बोलावण्यात आले.

ते आले, पण परळची खुर्ची आता दुसऱ्याची होती. त्यांची नेमणूक कोलकात्यात झाली आणि तेथे माणसांवर लशीच्या चाचण्या करण्यास मोकळीक नव्हती. पटकीच्या सुधारित लशीचे मनोरथ कागदावर राहिले. ज्या माणसाने गावोगाव फिरून हजारोंच्या दंडाला स्वतः सुई लावली, तो आता टेबलाशी बसून सैद्धांतिक टिपणे लिहीत होता. पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि युरोपला परतले.

त्यांच्या लशीचे काम मात्र परळमध्ये चालू राहिले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. त्याच काळात भारतात प्लेगने एक कोटीच्या घरात माणसे नेली, हेही नोंदवायला हवे. लस पोहोचली तेवढी पोहोचली. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्यांना तसे कळवण्यात आले, तेव्हा मुंबईतील कामातच आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली, अशा आशयाचे आभाराचे पत्र त्यांनी धाडले. मलकोवालविषयी कडवटपणाचा शब्दही त्यांनी त्या प्रसंगी काढला नाही.

अखेरच्या वर्षांत ते धर्माकडे वळले होते. ज्यू परंपरेच्या समर्थनार्थ त्यांनी १९१६ मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांतील विद्यार्थ्यांना मदत व्हावी म्हणून आपली पुंजी त्यांनी १९२९ मध्ये एका निधीच्या हवाली केली. लग्न त्यांनी केले नव्हते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मलकोवाल आता पाकिस्तानच्या मंडी बहाउद्दीन जिल्ह्यात आहे.